सातबाऱ्यावरची श्रीमंती

कोकण गरीब आहे हे आपण इतकी वर्षं ऐकत आलो आहोत की, इथे आता पैसा आहे असं म्हटलं तर समोरचा माणूस विश्वास ठेवत नाही. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख ही ओळख अंगाला चिकटून बसली आहे. पण सिंधुदुर्गात एकरकमी मोठा पैसा आलेली घरं मी रोज बघते. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या आणि मोबदला खात्यात जमा झाला. गोव्याच्या हद्दीतला मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तसे सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग भागातल्या वरकस जमिनी आणि कातळसडे बघायला परराज्यातल्या गाड्या फिरू लागल्या. देवगडच्या मोठ्या बागा, मालवण-तारकर्लीची हॉटेलं, बोटीवर असलेले मुलगे, आखातातले जावई ही कमाई वेगळीच. अशा घराबाहेर जुनी स्कूटर उभी असते, आत खात्यात दीड कोटी असतात आणि त्यांचं काय करायचं हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

मी आधी मुंबईत एका खासगी बँकेच्या वेल्थ विभागात होते. आता कुडाळात राहून सल्ल्याचं काम करते. फी घेते, कमिशन घेत नाही. मुंबईत शिकलेलं पुष्कळसं इथे उपयोगी पडतं, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे मला कुणी शिकवली नव्हती. इथल्या माणसाची श्रीमंती बँकेच्या स्टेटमेंटवर फार थोडी असते. उरलेली सगळी सातबाऱ्यावर असते आणि त्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात.

प्रायव्हेट बँकिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. तुमच्याकडे ठरावीक रकमेच्या वर पैसा असला की बँक तुम्हाला रांगेतून बाहेर काढते आणि एक रिलेशनशिप मॅनेजर नेमून देते. तो घरी येतो, फॉर्म भरून देतो, वाढदिवसाला फोन करतो. काही गुंतवणुकी अशा आहेत की त्यांचं दारच मोठ्या रकमेला उघडतं. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस म्हणजे पीएमएस, यात व्यवस्थापक तुमच्या एकट्यासाठी शेअर वगैरे घेतो-विकतो; तिला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने किमान 50 लाख लागतात. मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून नेहमीच्या वाटांपलीकडे गुंतवणाऱ्या पर्यायी गुंतवणूक फंडाला, म्हणजे एआयएफला, किमान 1 कोटी. या मर्यादा मुळात संरक्षणासाठी आहेत. ज्याला तोटा सोसेल त्यानेच इथे यावं, हा त्यामागचा विचार. पण ग्राहकासमोर त्या मानाच्या पानासारख्या मांडल्या जातात. ‘काका, हे सगळ्यांना मिळत नाही’ हे वाक्य मी मुंबईत किती बैठकांमध्ये ऐकलं असेल! ज्याने आयुष्यभर सरकारी कचेरीत खिडकीबाहेर उभं राहून काढलं, त्याला खुर्ची देऊन चहा दिला की तो सही कुठे करायची एवढंच विचारतो.

पैसे कोण कुणाला देतं हे मात्र त्या बैठकीत क्वचित निघतं. बँक जेव्हा म्युच्युअल फंड, विमा किंवा पीएमएस विकते, तेव्हा ती बहुतेक वेळा वितरक असते. तिचं उत्पन्न त्या कंपनीकडून येणाऱ्या कमिशनमध्ये असतं. म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजना 1 जानेवारी 2013 पासून उपलब्ध आहेत, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. आमच्याकडच्या कोट्यधीशांना अजून त्यांचं नाव माहीत नाही. फरक किती पडतो, तर हिशेब करून बघा. 1 कोटी रुपये वीस वर्षं 11 टक्क्यांनी वाढले तर साधारण 8 कोटी 6 लाख होतात. दरवर्षी दीड टक्का खर्चात गेला आणि साडेनऊ टक्केच पदरात पडले, तर 6 कोटी 14 लाख. मधले 1 कोटी 92 लाख कुणी चोरले नाहीत, कुणी त्यांची पावतीही मागितली नाही. ते वर्षावर्षाला थोडे थोडे झिरपत गेले.

लंडनमध्ये सी. होअर अँड कंपनी नावाची एक खासगी बँक आहे. ती 1672 मध्ये सुरू झाली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक व्हायच्या दोन वर्षं आधी. ती आजही त्याच घराण्याकडे आहे आणि भागीदारांची जबाबदारी अमर्याद आहे. बँक बुडाली तर भागीदाराचं स्वतःचं घरही जाणार. खासगी बँक ही कल्पना अशा माणसांतून आली, ज्यांचं सगळं ग्राहकाच्या विश्वासाला बांधलेलं होतं. आज आपल्याकडे येणारा रिलेशनशिप मॅनेजर वर्ष-दीड वर्षात बदलतो. नवा येतो तो जुन्याने केलेलं मोडून नवं काहीतरी करायला सांगतो, कारण त्याचं टार्गेट नव्या विक्रीवर असतं. मी त्या मुलांना दोष देत नाही. त्यातली कितीतरी आमच्याच गावांतली आहेत, कणकवली-सावंतवाडीच्या कॉलेजांतून शिकलेली, घरचं कर्ज फेडणारी. महिनाअखेरीला त्यांच्यावर काय दडपण येतं ते मी सोसलं आहे. दोष त्यांना असं काम करायला लावणाऱ्या पद्धतीचा आहे आणि तो मोठा आहे.

कोकणात अशा नात्याचा माणूस आधीपासून होता, वाशीच्या घाऊक बाजारातला आंब्याचा दलाल. बागायतदाराचे वर्षभराचे पैशांचे व्यवहार त्याच्या भोवती फिरत. मोहोर यायच्या आधी तो उचल देई. त्यातून फवारणी होई, राखणदारांचे पगार होत, वेळप्रसंगी मुलीचं लग्नही उरके. मग पेट्या त्याच्याकडेच जात, आणि तो पाठवेल ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मान्य करावी लागे. भाव काय लागला हे बागायतदाराला पट्टी आल्यावर कळे. माझ्या आजोळी अशा पट्ट्यांची चळत सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेली होती. उचल दिसायची, तिची किंमत भावात लपलेली असायची. आजच्या वेल्थ मॅनेजमेंटचं गणित मला ते आठवूनच पहिल्यांदा नीट समजलं. पण दलालाची एक बाजू होती, ती नाकारता येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या तोच असायचा. त्याला घरातली माणसं माहीत असायची, कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे ठाऊक असायचं. बँकेच्या अॅपला ते ठाऊक नाही.

कणकवली तालुक्यातल्या एका काकींकडे मी गेले ते मे महिन्यात. खळ्यात आमसोलं सुकत घातली होती. काकांना जाऊन काही वर्षं झालेली. थोरला मुलगा डोंबिवलीला, धाकटा घरी, लेक नाशिकला. महामार्गात घराशेजारची जमीन गेली होती आणि काकींच्या घराच्या वाट्याला कोटीच्या वर मोबदला आला होता. त्यांनी पत्र्याची ट्रंक ओटीवर ओढून आणली आणि एकेक कागद काढायला सुरुवात केली. सोनाराच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सगळं नीट लावलेलं. भूसंपादनाची नोटीस, जुने सातबारे, एलआयसीच्या संपलेल्या पॉलिस्या, दोन पतसंस्थांच्या मुदतठेवीच्या पावत्या, काकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ झेरॉक्स. तळाशी एक गुळगुळीत माहितीपुस्तिका होती, वरती पांढऱ्या केसांचं एक जोडपं शिडाच्या बोटीत हसत बसलेलं. तिच्याखाली कुरिअरचा एक जाड लिफाफा, न फोडलेला.

लिफाफा मी त्यांच्यासमोर फोडला. आत विमा पॉलिसी होती. वर्षाला दहा लाख हप्ता, सात वर्षं भरायचा. पॉलिसी थोरल्या मुलाच्या नावे, पैसे दोघांच्या संयुक्त खात्यातून गेलेले. काकींची समजूत अशी की दहा लाखांची एफडी केली, एकदाच भरायचे. बँकेतल्या मुलाने ‘एफडीपेक्षा चांगलं’ असं सांगितलं होतं. डोंबिवलीच्या मुलाचीही तीच समजूत. त्याने फॉर्मवर मोबाइलवरूनच मान्यता दिली होती.

काकी कागद न्याहाळत बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं, सातवी झालेल्या आहेत. पॉलिसीचं पहिलं पान त्यांनी बोट फिरवत वाचलं, मग सातबारा उचलला, मग एफडीची पावती. आणि म्हणाल्या, “बाय, ह्या कागदार माझा नाव खंय आसा?”

पॉलिसीवर नव्हतंच. एफडीवर त्यांचं नाव दुसरं होतं. देवगडकडच्या बागेच्या सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव होतं, तिथे काकांच्या वारसांची नोंदच झाली नव्हती. महामार्गालगतच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर काकींचं नाव होतं, पण मुलगे कब्जेदार म्हणून वर आणि काकी आणि त्यांची लेक ‘इतर हक्क’ या रकान्यात. कोट्यवधींच्या घरातली ही बाई कागदोपत्री एका कोपऱ्यात ढकललेली होती. तिथे बसून मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पॉलिसीचं काम सोपं निघालं. आता आयुर्विम्यात पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. लिफाफा येऊन आठवडाच झाला होता. मुलाने अर्ज केला, थोडी वजावट होऊन पैसे परत आले. ज्यांचा लिफाफा दोन महिन्यांनी फोडला जातो, त्यांचं काय होतं हे सांगायला नको. म्हणून सांगते, घरात कुणाच्याही नावे विम्याचं कुरिअर आलं तर ते त्याच दिवशी फोडा.

मग आम्ही बाकीचं बघितलं. अशा वेळी लोकांना सगळ्यात आधी कराची भीती असते आणि त्या भीतीवरच पुष्कळ माल विकला जातो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने मिळालेल्या मोबदल्यावर त्याच कायद्यानुसार प्राप्तिकर लागत नाही, जमीन शेतीची असो वा नसो. स्वतःहून विकलेल्या जमिनीचं वेगळं. ग्रामीण भागातली शेतजमीन करासाठी भांडवली मालमत्ताच धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही नाही. ग्रामीण म्हणजे काय, तर दहा हजारांच्या वर आणि लाखाच्या आत वस्ती असलेल्या नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीपासून सरळ हवाई अंतराने 2 किलोमीटरच्या पलीकडे. आमच्याकडची बहुतेक गावं त्यात बसतात. पण जमीन आधी बिनशेती करून, प्लॉट पाडून विकली की ही सवलत गेली. 23 जुलै 2024 पासून अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या जमिनीला महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के भरायचा पर्याय निवासी व्यक्तींना ठेवलेला आहे. बिनशेती करून भाव जास्त येतो हे खरं, पण एजंट तेवढंच सांगतो. हा हिशेब विक्रीच्या आधी करावा लागतो. सौदा झाल्यावर येणाऱ्यांना मी फारसं काही देऊ शकत नाही.

पतसंस्थांच्या पावत्या बघून मला काळजी वाटली. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे, एका बँकेत, 5 लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. हे काकींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पतसंस्थेचा अध्यक्ष आपल्याच गावचा आहे. माणूस चांगला असेलही. माणूस चांगला असला म्हणून ठेव सुरक्षित होत नाही, हे गावात बसून सांगणं फार अवघड असतं.

मोबदल्याच्या पैशाचं शेवटी जे केलं त्यात दिमाखदार काहीच नव्हतं. काकींच्या स्वतःच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजना, तिची मर्यादा 30 लाख आहे. काही मोठ्या बँकांत मुदतठेवी. दहा वर्षं हात न लावण्याचा एक हिस्सा म्युच्युअल फंडाच्या साध्या डायरेक्ट योजनांत. पीएमएस नाही, एआयएफ नाही. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी सल्लागार कशाला? मला वाटतं, साधं करायला सांगणारा माणूस मिळणं हीच श्रीमंतांची मोठी अडचण आहे, कारण साध्या गोष्टीत कुणाला कमिशन सुटत नाही.

पैशाची मांडणी एका दुपारात झाली. वेळ लागला तो वारसाच्या गोष्टीला. कोकणातल्या घरात मरणाविषयी बोलायला कुणी तयार नसतं. ‘नॉमिनी लावलाय ना, मग झालं’ असं म्हणून विषय संपवतात. नॉमिनी हा ठेवीचा किंवा शेअरचा मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेतो, एवढंच. शेअरच्या बाबतीत याविषयी उलटसुलट निकाल होते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये ते स्पष्ट केलं. आता नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण त्यानेही मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आईचाही वाटा असतो, हे ऐकून शिकलेली माणसं चकित होतात. आणि मुलीचं तर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलाच्या बरोबरीने ठरलेलं आहे. वडील त्या वेळी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं.

तरीही आमच्याकडे वारस नोंदीच्या वेळी बहिणीला फोन जातो तो हक्कसोडपत्रावर सही करायला ये म्हणून. ती येते, माहेर तुटू नये म्हणून सही करते, साडी घेऊन परत जाते. मी याच्या विरोधात आहे आणि प्रत्येक घरात ते बोलते. काही घरांनी त्यामुळे मला परत बोलावलं नाही. बहिणीला सोडायचाच असेल तर तिने हक्क सोडावा, पण किती किमतीचा हक्क सोडते आहे ते आकड्यात कळल्यावर. भावांनी तो आकडा तिच्यासमोर मोठ्याने उच्चारावा. पुष्कळदा मग भावांनाच तो उच्चारवत नाही.

काकींच्या घरी चतुर्थीला सगळे जमले तेव्हा मला बोलावणं आलं. आरती झाल्यावर, जेवणाच्या पंगतीआधी, माजघरात बसलो. थोरल्या मुलाने स्वतःहून विषय काढला, त्याचं मला कौतुक वाटलं. पॉलिसीच्या प्रकरणाने तो हलला होता. धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. बागेत तो राबतो, खत-फवारणी तो करतो, माकडं तो हाकलतो, मग तिघांना सारखं कसं? हा प्रश्न खरा आहे, आणि सारखं वाटप म्हणजे न्याय असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. बराच वेळ आवाज चढत राहिले. शेवटी असं ठरलं की बागेच्या उत्पन्नातून आधी धाकट्याच्या मेहनतीचा मोबदला वजा करायचा आणि उरलेल्याचे हिस्से करायचे. जमीन विकायची वेळ आली तर मात्र मालकीप्रमाणे. हे एका साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. नाशिकची बहीण एक शब्दही बोलली नव्हती. सही करताना तिचा हात थरथरत होता.

काकी मध्येच म्हणाल्या, “माझो वाटो माझ्या चेडवाक.” म्हणजे लेकीला. मुलगे गप्प झाले. मी त्यांना त्याच वेळी विचारलं, हे रागातून की विचाराने? त्या म्हणाल्या, झिलांना घर आहे, बाग आहे, तिला काय आहे? त्यावर कुणी काही बोललं नाही.

मृत्युपत्र आम्ही मराठीत केलं, दोन पानी. नोंदणी सक्तीची नसते, पण करावी असं मी नेहमी सांगते. दोन साक्षीदार लागतात, त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणारं नसलेलं बरं. डॉक्टरांचा दाखला जोडला. साक्षीदार कोण यावर काकींचा आग्रह होता, “माझ्यापेक्षा ल्हान वयाचे बघ.” कारण त्यांच्या जावेच्या मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार तिच्या आधी वारले होते. मग वाडीतली आशा सेविका आणि शाळेतले एक तरुण गुरुजी अशा दोघांनी सह्या केल्या.

देवगडच्या बागेचं काम अजून बाकी आहे. आजेसासऱ्यांपासूनचे वारस जोडत यायचे आहेत, त्यात चुलत घरांतली मिळून बरीच नावं निघाली. वाटप तहसीलदारांकडे न्यायचं तर सगळ्यांची संमती हवी आणि त्यातला एक पुतण्या मस्कतला असतो. तो चतुर्थीला आला नव्हता. शिमग्याला येतो म्हणाला आहे. त्याची कागदपत्रं मी तयार ठेवली आहेत.